राज्यमंत्र्याला अधिकार किती असतात, आणि त्या पदावरून आमदाराची कारकीर्द कुठे जाते?

आपण विचारले आहे की, आपल्या मतदारसंघातील आमदार दुसऱ्यांदा निवडून येऊन राज्यमंत्री झाले, तालुक्यात मिरवणूक निघाली, पण वर्ष उलटले तरी त्यांच्याच खात्यातले एक साधे काम मार्गी लागत नाही. तेव्हा या पदाला अधिकार असतात तरी कोणते, आणि अशा पदामुळे राजकीय कारकीर्द पुढे सरकते की तिथेच अडकून राहते? मी मंत्रालयात अनेक वर्षे मंत्री आस्थापनेवर, म्हणजे मंत्र्यांच्या कार्यालयांत, काढली आणि त्यातील बराच काळ राज्यमंत्र्यांचा खासगी सचिव होतो. म्हणून हे उत्तर दालनाच्या आतून जे दिसले त्याच्या आधारे लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. राज्यमंत्री या शब्दातील ‘राज्य’ हे महाराष्ट्र राज्य नव्हे. ती मंत्र्याची श्रेणी आहे. म्हणूनच केंद्रातही राज्यमंत्री असतात, आणि तिथे काहींना स्वतंत्र कार्यभारही मिळतो. आपल्याकडे तशी प्रथा नाही. राज्यमंत्र्याच्या वर त्या खात्याचा मंत्री असतोच. गंमत अशी नाही, तर महत्त्वाची बाब अशी की, राज्यघटनेच्या ज्या अनुच्छेद १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने मंत्री नेमतात, त्यात ही श्रेणी कुठेही लिहिलेली नाही. राज्यमंत्र्यासाठी वेगळी शपथ नाही आणि विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असण्यात त्याचा वाटा कमी नाही. श्रेणी ठरते ती मुख्यमंत्र्यांच्या निर्णयाने, आणि अधिकार ठरतात ते शासनाच्या कार्यनियमावलीने व तिच्या अनुषंगाने निघणाऱ्या कार्यवाटपाच्या आदेशाने. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका आदेशात आहे.

शपथविधी आणि खातेवाटप यांची बातमी सर्वत्र येते, पण त्यानंतर खात्याचा मंत्री आपल्या राज्यमंत्र्याकडे नेमके कोणते विषय सोपवतो याची बातमी सहसा येत नाही. एखाद्या खात्यात पंधरा-वीस विषय असतील तर त्यांतील कोणत्या विषयांच्या नस्त्या, म्हणजे फाइली, राज्यमंत्र्याच्या स्तरावर निकाली निघतील, कोणत्या त्याच्यामार्फत मंत्र्याकडे जातील आणि कोणत्या त्याच्याकडे येणारच नाहीत, हे त्या आदेशात लिहिलेले असते. बदल्या, नियुक्त्या, निधीवाटप आणि धोरण हे विषय बहुतेक वेळा मंत्री स्वतःकडे ठेवतात. राज्यमंत्र्याकडे येतात ती अपिले, विधिमंडळाचे कामकाज, एखादे दुय्यम महामंडळ आणि ज्यांत जबाबदारी मोठी पण निर्णयाला वाव कमी असे विषय. काही वेळा हा आदेश निघण्यासच महिने लागतात आणि तोवर राज्यमंत्र्याच्या दालनात हारतुरे आणि निवेदने येत राहतात, नस्ती मात्र येत नाही. ही तक्रार कोणत्या एका पक्षाची किंवा एका सरकारची नाही. मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक मंत्रिमंडळात राज्यमंत्र्यांनी ती केली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये तर एका खात्याच्या मंत्र्याने राज्यमंत्र्याला आढावा बैठका घेण्यापूर्वी आपली परवानगी घ्यावी असे पत्राने कळवल्याचे आणि त्यावर राज्यमंत्र्याने तेवढ्याच ठामपणे उत्तर दिल्याचे वर्तमानपत्रांतून सर्वांनीच वाचले.

त्यात खात्यांची संख्या लक्षात घ्यावी लागते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांवर बांधली गेली. २८८ सदस्यांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री होतात. ही मर्यादा येताच प्रत्येक पदाचा भाव वाढला, आणि कॅबिनेट दर्जाची मागणी जितकी जास्त तितकी राज्यमंत्र्यांची संख्या कमी असा हिशेब रूढ झाला. ३० डिसेंबर २०१९ च्या विस्तारात दहा राज्यमंत्री होते. २०२२ मध्ये आलेल्या सरकारने मात्र अखेरपर्यंत एकही राज्यमंत्री नेमला नाही. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात ३९ जणांचा शपथविधी झाला, त्यांत राज्यमंत्री सहाच. परिणामी एकेकाच्या वाट्याला पाच-सहा खाती आली, आणि गृह खात्याला शहरे व ग्रामीण असे दोन राज्यमंत्री मिळाले. पाच खात्यांचा राज्यमंत्री म्हणजे बहुधा पाच मंत्र्यांचा सहकारी, आणि पाचही ठिकाणी कार्यवाटपाची भाषा वेगळी असते. आपले काम त्या आमदारांच्या ‘खात्यातले’ असेलही, पण ते त्यांच्याकडे सोपवलेल्या विषयांत आहे का, हा प्रश्न वेगळा आहे.

गोव्याची गोष्ट इथे थोडक्यात सांगण्यासारखी आहे. तिथे सभागृह ४० सदस्यांचे, त्यामुळे पंधरा टक्के म्हणजे सहाच; पण घटनेने किमान मर्यादा १२ ठेवल्यामुळे तिथे बारा मंत्री होऊ शकतात. उरलेल्यांची सोय म्हणून संसदीय सचिव नेमण्यात आले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये त्या नेमणुका रद्द केल्या. मंत्र्याचा दर्जा मागच्या दाराने देता येत नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले.

आता दालनातील कामाकडे येतो. मंत्रालयातील नस्ती कक्ष अधिकाऱ्याच्या टिप्पणीपासून सुरू होते. अवर सचिव, उपसचिव, सहसचिव आणि खात्याचे सचिव अशी वर चढते, आणि विषय सोपवलेला असेल तर राज्यमंत्र्यामार्फत मंत्र्याकडे जाते. राज्यमंत्र्याने आपले मत नोंदवले तरी मंत्री वेगळा निर्णय घेऊ शकतो. याउलट नागरिक जे निवेदन हातात देतो त्यावर उमटतो तो शेरा. आपल्याकडे शेऱ्याविषयी फार भाबडेपणा आहे. ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’ हा शेरा म्हणजे आदेश नव्हे; कार्यासनाने, म्हणजे नस्ती हाताळणाऱ्या शाखेने, तो वाचून फाइलला लावून ठेवला तरी त्यात कसूर होत नाही. ‘तपासून सादर करावे’ या शेऱ्याला मात्र वजन असते, कारण त्यात प्रकरण परत वर येण्याची सक्ती असते, आणि त्याखाली मुदत घातली असेल तर अधिक. मी नव्या स्वीय सहायकांना सांगत असे की, साहेबांनी शेरा लिहिला की आपले काम सुरू होते; त्याची नोंद, त्याचा ई-ऑफिसमधील क्रमांक आणि त्याचे स्मरणपत्र या तीन गोष्टी झाल्या नाहीत, तर तो शेरा माणसाच्या खिशातच राहतो.

राज्यमंत्र्याचा खरा, कायद्याने मिळालेला अधिकार बहुतेकांना माहीतच नसतो, तो म्हणजे सुनावणीचा. जमीन महसूल, सहकारी संस्था, शिधावाटप दुकानांचे परवाने, राज्य उत्पादन शुल्क अशा विषयांत शासनाकडे अपील किंवा पुनरीक्षण अर्ज करण्याची तरतूद आहे, आणि ‘शासन’ म्हणून ते ऐकण्याचे काम पुष्कळदा राज्यमंत्र्याकडे सोपवलेले असते. हे अर्धन्यायिक काम आहे. यात खात्याचा मंत्री राज्यमंत्र्याला काय निर्णय द्यावा हे सांगू शकत नाही आणि ज्याने दोन्ही बाजू ऐकल्या त्यानेच निर्णय द्यायचा असतो. निर्णयात कारणमीमांसा नसेल तर उच्च न्यायालय तो टिकू देत नाही. या सुनावण्यांवर किती लोकांचे पोट अवलंबून असते याची कल्पना २०२२ च्या उन्हाळ्यानंतर आली: ३० जूनपासून सुमारे चाळीस दिवस राज्यात केवळ मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच होते, प्रलंबित अपिले साचली, आणि विस्तारापूर्वी ऑगस्टच्या सुरुवातीला हे अर्धन्यायिक अधिकार सचिवांकडे द्यावे लागले. गावातील शिधावाटप दुकानाचा परवाना निलंबित झालेला माणूस तारखेला एसटीने रात्रभर प्रवास करून मंत्रालयाच्या दारात पास काढत उभा राहतो. त्याच्यासाठी राज्यमंत्री हेच शासन असते. ज्या राज्यमंत्र्याने या तारखा पाळल्या, दोन्ही वकिलांना पुरेसे ऐकले आणि लेखी निर्णय वेळेत दिले, त्याची कीर्ती जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरलेली मी पाहिली आहे. वारंवार तारखा पुढे ढकलणाऱ्यांची अपकीर्ती त्याहून लवकर पसरते.

पण आमदाराचा राज्यमंत्री होतो आणि राज्यमंत्र्याचा पुढे कोणी होतो तो सभागृहात, असे माझे ठाम मत आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीला राज्यमंत्री निमंत्रणाशिवाय जात नाही. सभागृहात मात्र त्याला जावेच लागते. विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद एकाच वेळी चालतात. एका सभागृहात मंत्री तारांकित प्रश्नांना (ज्यांचे उत्तर सभागृहात तोंडी द्यायचे असते) उत्तर देत असेल तर दुसऱ्या सभागृहातील लक्षवेधीला, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेला, राज्यमंत्र्याने उभे राहायचे असते. अनुच्छेद १७७ नुसार मंत्री कोणत्याही सभागृहात बोलू शकतो, मत फक्त आपल्या सभागृहात देऊ शकतो, म्हणून हे शक्य होते. आदल्या रात्री उशिरापर्यंत ब्रीफिंग चालते. खात्याने तयार केलेले उत्तर दोन पानांचे असते, पण ज्याला विचारायचे असते तो सदस्य त्या दोन पानांत नसलेलेच विचारतो. अशा वेळी अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येते, आणि चिठ्ठी हातात येईपर्यंतचा जो अर्धा मिनिट असतो त्यात राज्यमंत्र्याचा अभ्यास दिसतो. उत्तर अपुरे वाटले तर पीठासीन अधिकारी प्रश्न किंवा लक्षवेधी राखून ठेवतात. दिलेला शब्द आश्वासन समितीच्या नोंदीत जातो आणि खात्याला त्याची पूर्तता करून दाखवावी लागते. ‘तपासून घेतो’ आणि ‘तीन महिन्यांत करतो’ या दोन वाक्यांतील अंतर पहिल्या अधिवेशनात ज्याच्या लक्षात आले नाही, त्याच्यावर दुसऱ्या अधिवेशनात खातेच नाराज होते.

एक प्रसंग सांगतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत एका योजनेच्या लाभार्थ्यांच्या संख्येवर उपप्रश्न आला. गॅलरीतून चिठ्ठी मी पाठवली आणि तिच्यातील आकडा चुकीचा होता. गेल्या वर्षाचा तक्ता मी या वर्षाचा समजलो होतो. राज्यमंत्र्यांनी तो आकडा विश्वासाने सांगितला. संध्याकाळी चूक लक्षात आल्यावर मी दालनात जाऊन ती सांगितली. दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास संपताच त्यांनी सभापतींच्या अनुमतीने उभे राहून, काल मी दिलेली माहिती बरोबर नव्हती, असे म्हणत योग्य आकडा सांगितला. अधिकाऱ्याने चुकीची माहिती दिली, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. ज्या विरोधी सदस्याने प्रश्न विचारला होता तो त्यानंतर त्या खात्याच्या विषयावर त्यांच्याशी बोलायला स्वतः दालनात येऊ लागला. मला आजही त्या चिठ्ठीची आठवण झाली की अपराधी वाटते, आणि त्यांच्याविषयी आदर वाटतो.

कारकीर्द कशी घडते याचे सर्वांत बोलके उदाहरण माझ्या मते प्रतिभाताई पाटील यांचे आहे. लोक त्यांना राष्ट्रपती म्हणून ओळखतात, पण राज्याच्या विधिमंडळातील त्यांची तेवीस वर्षे फार कमी अभ्यासली जातात. १९६२ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या. पुढच्या चारही निवडणुका त्यांनी एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर, मतदारसंघातून जिंकल्या. १९६७ ते १९७२ या काळात वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात त्या उपमंत्री होत्या. उपमंत्री ही राज्यमंत्र्याच्याही खालची पायरी. आता आपल्याकडे ती वापरात नाही. त्यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण आणि संसदीय कार्य असे विखुरलेले विषय होते. आजच्या राज्यमंत्र्याला अशी यादी दिली तर तो तिला अपमान समजेल. पण पुढे काय झाले ते पाहावे. १९७२ मध्ये त्या समाजकल्याण खात्याच्या कॅबिनेट मंत्री झाल्या, १९७४ मध्ये सार्वजनिक आरोग्य त्यांच्याकडे आले, १९७५ मध्ये दारूबंदी आणि १९८२ मध्ये नगरविकासाबरोबर गृहनिर्माण. उपमंत्री असताना ज्या विषयांच्या नस्त्या दुसऱ्यांच्या सहीसाठी त्यांच्यामार्फत जात होत्या, त्यांतले बरेच विषय एकेक करून त्यांच्या स्वतःच्या सहीखाली परत आले. संसदीय कार्याचा अनुभवही वाया गेला नाही: १९७९-८० मध्ये त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या आणि १९८६ ते १९८८ या काळात राज्यसभेच्या उपसभापती. मी नव्या राज्यमंत्र्यांना हे उदाहरण आवर्जून सांगत आलो, कारण कमी महत्त्वाची म्हणून मिळालेली खाती पाच वर्षे मनापासून वाचणे म्हणजे काय असते, ते यात दिसते.

हीच वाट त्यापूर्वीही पुष्कळांनी चालली होती. यशवंतराव चव्हाण १९४६ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आल्यावर गृहखात्याचे संसदीय सचिव झाले, म्हणजे मंत्रीही नव्हे. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मोरारजींनंतर मुंबई राज्याची सूत्रे यशवंतरावांकडे आली. वसंतराव नाईक यांनी १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्री म्हणून सुरुवात केली आणि ५ डिसेंबर १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. शरद पवार १९६७ मध्ये बारामतीतून आले, १९७२ नंतर गृह खात्याचे राज्यमंत्री झाले आणि १९७८ मध्ये अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री. सुशीलकुमार शिंदे पोलीस खात्यातील उपनिरीक्षकाची नोकरी सोडून राजकारणात आले, १९७४ मध्ये करमाळ्याची पोटनिवडणूक जिंकून राज्यमंत्री झाले. बाभळगावच्या सरपंचपदापासून निघालेले विलासराव देशमुख १९८० मध्ये आमदार झाले, १९८२ मध्ये राज्यमंत्री, पुढे कॅबिनेट मंत्री. १९९५ मध्ये लातूरमध्ये पराभूत झाले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री म्हणून परतले.

तरीही ही एकच वाट आहे, असे मी म्हणणार नाही. आर. आर. पाटील १९९० मध्ये तासगावमधून आले, विरोधी बाकांवर असताना प्रश्न, लक्षवेधी आणि अर्ध्या तासाच्या चर्चा यांनी त्यांनी सभागृह गाजवले आणि १९९९ मध्ये राज्यमंत्रिपदाची पायरी न चढता थेट ग्रामविकास मंत्री झाले. देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले त्यापूर्वी ते कोणत्याच खात्याचे मंत्री नव्हते. नागपूरचे महापौरपद आणि १९९९ पासूनची विधानसभेतील भाषणे हीच त्यांची शिदोरी होती. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि त्या प्रदीर्घ काळात मंत्रिपद त्यांच्याकडे थोडाच काळ होते. या तिघांच्या आणि वर सांगितलेल्यांच्या कारकिर्दीत समान काय असेल, तर विधिमंडळाची आयुधे, म्हणजे प्रश्न, लक्षवेधी आणि चर्चा, हाताळण्याचा सराव. राज्यमंत्रिपद हा सराव सरकारी बाकांवरून करण्याची संधी देते, एवढेच.

मग कारकीर्द अडकते कुठे? मी पाहिलेल्यांत बहुधा मतदारसंघात. राज्यमंत्री झाल्यावर आठवड्यातले तीन-चार दिवस मुंबईत जातात, आणि गावात तेवढ्यातच अपेक्षा मात्र तिप्पट होतात. आमदार असताना स्थानिक विकास निधीतून, जो २०२२ मध्ये वर्षाला चार कोटींवरून पाच कोटी झाला, सभामंडप किंवा रस्ता दिला की लोक समाधानी असत. मंत्री म्हटल्यावर तेच लोक नोकरी, बदली आणि मोठा प्रकल्प मागतात. जिल्हा नियोजन समितीत शब्द चालतो तो पालकमंत्र्याचा, आणि राज्यमंत्री दर वेळी पालकमंत्री नसतो. अशा कोंडीत काही जण अधिकार नसलेल्या विषयांतही तोंडी आदेश देऊ लागतात. अधिकारी ‘होय साहेब’ म्हणतात, काम होत नाही, आणि लोकांच्या मनात साहेब खोटे ठरतात. माझ्या पाहण्यातील एका राज्यमंत्र्यांनी उलट केले. त्यांनी आपल्याकडील सोपवलेल्या विषयांची यादी दालनाबाहेर मराठीत लावली आणि इतर विषयांची निवेदने आपल्या पत्रासह त्या त्या मंत्र्यांकडे पाठवून अर्जदाराला जावक क्रमांक देण्याची पद्धत घातली. कार्यकर्त्यांना ते आवडले नाही. साहेबांनी स्वतःच्या हाताने आपली मर्यादा भिंतीवर लावली असे त्यांना वाटले. पण त्या दालनातील गर्दी कमी झाली आणि होणारी कामे वाढली, हे मी रोज मोजत होतो.

आपल्या कामाविषयी आता नेमके सांगतो. आपण त्या खात्यातील राज्यमंत्र्यांकडे सोपवलेल्या विषयांच्या आदेशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा; ती गोपनीय नसते. आपला विषय त्यात असेल तर निवेदनावर कार्यासनाचे नाव आणि आधीच्या पत्रव्यवहाराचा क्रमांक लिहा, आणि ‘उचित कार्यवाही’ ऐवजी ‘अहवाल सादर करावा’ असा मुदतीसह शेरा देण्याची विनंती करा. विषय त्यात नसेल तर राज्यमंत्र्यांवर रागावण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून खात्याच्या मंत्र्यांना पत्र घ्या आणि त्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. काम एका माणसाचे नसून गावाचे असेल, तर शेजारच्या मतदारसंघातील आमदारांना, ते विरोधी पक्षाचे असले तरी, तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी देण्याची विनंती करायला संकोच करू नका. राज्यमंत्री स्वतः मंत्री असल्यामुळे प्रश्न विचारू शकत नाहीत, पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायला तेच उभे राहण्याची शक्यता मोठी असते, आणि तालुक्याची सगळी माहिती असलेला मंत्री उत्तर देत असेल तर खात्यालाही मोघम लिहून चालत नाही. पुढील अधिवेशनासाठी प्रश्नांच्या सूचना विधानमंडळ सचिवालयाकडे अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून कागदपत्रे आत्ताच एकत्र करून ठेवा.